राख्याची टॉवेल-टोपी

उमापूर, ता. गेवराई
बाजाराचा दुसरा दिवस

आदरणीय दाजी,

सविनय जय भीम. अक्कालाही माझा जय भीम सांगा (ती तुमच्या खांद्यावरून हे वाचत असेलच, म्हणजे सांगायची तसदी वाचली). इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकट वाजायचा, तो अजून वाजतो की आता नुसताच दुखतो? आई विचारते, तुमचा खोकला गेला का, आणि नसेल गेला तर अडुळशाचा पाला पाठवू का. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केल्यामुळे एवढ्याशा चौकशीसाठीही मला पोस्टखातं जुंपावं लागतंय. पोस्टात जाऊन पाकीट मागितलं, तर तिथल्या बाईंनी माझ्याकडे काळजीनं बघितलं आणि हळूच विचारलं, "कोर्टाचं काम हाय का?" मी म्हणालो, दाजींचं आहे. त्या म्हणाल्या, "मंग रजिस्टर करा."

आता मुद्द्याचं. अक्काचा फोन आला होता. आमच्या बसस्टँडावरचं चित्र कुणीतरी मोबाइलमध्ये घेऊन थेट परळीपर्यंत पोचवलं. तुम्ही ते बघितलं, हातातला चहा खाली ठेवला, आरशासमोर जाऊन उभे राहिलात आणि परत येऊन एवढंच म्हणालात, "त्या राख्याला माझ्या मिशा कावून?" त्यानंतर तुम्ही जेवलात, पण भाजी दुसऱ्यांदा घेतली नाहीत. हे ऐकून मला अपराध्यासारखं वाटलं असतं, पण अपराध झालेलाच नाही. दाजी, डावी बाजू वर आणि उजवी बाजू खाली अशा मिशा या महाराष्ट्रात हजारोंनी असतील. मी त्या कल्पनेनं काढल्या. कल्पना कुठून येते हे चित्रकाराला तरी कुठं ठाऊक असतं? तर सगळी हकीकत पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुमचा गैरसमज दूर होईल.

आणि आधीच सांगून ठेवतो, आमच्या घरभरणीला जे टोपीचं झालं, त्यावर या पत्रात मी एक अक्षर लिहिणार नाही. तेव्हापासून तुम्ही उमापुरात पाऊल ठेवलं नाही, अक्काला माहेरी पाठवलं नाही, आई सणावाराला दाराकडे तोंड करून बसते, हे सगळं खरं. पण तो विषय वेगळा. (फक्त एकच सांगतो. मानाची टॉवेल-टोपी तुमच्याच नावानं ताटात ठेवलेली होती. तुम्ही हात धुवायला गेलात. तेवढ्यात सुंदरराव आमंत्रण नसताना आले, तुमच्याच खुर्चीवर बसले, आणि माइकवरून "आता मानकऱ्यांचा सत्कार" असं म्हणताच त्यांनी सवयीनं डोकं पुढं केलं. पुढाऱ्याचं डोकं पुढं आलं की गरिबाचा हात आपोआप चालतो. मग तुमच्यासाठी दुसरी टोपी गावभर शोधली, मिळाली नाही, म्हणून नुसताच टॉवेल दिला. तुम्ही तो परत ताटात ठेवलात आणि म्हणालात, "मी काय आंघोळीला निघालोय का बे?" ते बोलणं तुम्हाला शोभलं. टॉवेल आम्ही अजून वापरलेला नाही. झालं, विषय संपला.)

बसस्टँडावरचं माझं फ्लेक्सचं दुकान तुम्ही पाहिलेलं आहे. आपल्या भागात पीक येवो न येवो, वाढदिवस येतातच. वाढदिवस उरकला की ते फ्लेक्स माझ्या दारात येऊन पडतात, कारण पुढाऱ्याचा चेहरा उकिरड्यावर टाकायची कुणाची छाती होत नाही. पुढची बाजू पुढाऱ्याची, पण मागची बाजू पांढरीशुभ्र. त्या पाठीवर मी सुपरहिरोंचं कॉमिक काढायला लागलो. चित्रं माझी, संवाद दीपमालाचे (तुमच्या मेहुण्याच्या बायकोला बोलायची हौस पहिल्यापासून, चित्रातली माणसं तिला मध्येच तोडत नाहीत, म्हणून तिला ती आवडतात). दर बाजाराच्या दिवशी दुकान आणि लिंबाचं झाड यांच्यामध्ये दोरी बांधून नवा भाग लटकवतो. ऊन मागून पडलं की हिरोच्या पोटातून "हार्दिक शुभेच्छा" दिसतात, पण लोक सांभाळून घेतात.

हिरो तीन आहेत. पहिली कोयतावाली. ती उडते, आणि एका फटक्यात उसाचा फड आडवा करते. पण दिवाळी झाली की ती टोळीबरोबर कारखान्यावर जाते आणि पाडव्यापर्यंत गाव वाऱ्यावर. (आधी मी तिला बारमाही ठेवलं होतं. शिरूर कासारकडची एक बाई बाजाराला आली होती, तिनं चित्र बघून मला झापलं. "हातात कोयता हाय आन संक्रांतीला गावात कशी? कायबी काढू नका.") दुसरा टँकरराव. छातीतून पाण्याचा असा फवारा मारतो की डोंगर हलावा, पण आधी मागणी, मग ठराव, मग मंजुरी, मग फवारा. तिसरा सौरपंप्या. त्याच्या अंगात शंभर बैलांचं बळ, पण ऊन असेपर्यंत. ढग आला की जिथं असेल तिथं मटकन बसतो. एकदा त्यानं खलनायकाला डोक्यावर उचललं आणि नेमका ढग आला. दोघंही पडले. खलनायकाला फारसं लागलं नाही, कारण तो सौरपंप्यावर पडला.

खलनायक म्हणजे हा राख्या. सगळं अंग राखेचं, वाऱ्यावर बसून येतो, हात लावील ते करडं करून जातो. (तुमची सगळी नोकरी परळीला वीज केंद्रात, राखेच्या विभागात गेली, हा निव्वळ योगायोग आहे. राख काय फक्त परळीतच असते का? आमच्या चुलीतसुद्धा असते.) आणि दाजी, लोकांना त्याचाच लळा लागला हो. हिरो हरले तर गाव हळहळत नाही, पण राख्याला एका भागात सर्दी झालेली दाखवली, तर बंकट चहावाला दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन विचारून गेला, आता बरं आहे का. बाया पापड वाळत घालताना म्हणतात, "आज राख्या येऊ नको बाबा, उद्या ये."

घोटाळा झाला तो पुढच्या भागात. पावसानं ओढ दिली, लोकांचं चित्रात लक्ष लागेना, म्हणून मी एक नवा, मोठा राक्षस काढला. ढगगिळ्या. तो आभाळात तोंड उघडून पडून राहतो आणि आलेला ढग गिळतो. कोयतावालीनं त्याचं पोट फाडायचं ठरवलं, तर कोयता पोचेना. टँकररावाची फाइल वर गेली. आणि सौरपंप्यानं तर लढायलाच नकार दिला, कारण ढग नाहीत म्हटल्यावर त्याची बारा महिने चांदी. ("मला तर हा राक्षस भला माणूस वाटतो," हे त्याचं वाक्य दीपमालाचं. गावातल्या निम्म्या लोकांना ते कुणावर तरी आहे असं वाटलं आणि निम्म्यांना आपल्यावर.) मी डोक्याला हात लावून बसलो. तेव्हा दीपमालाच म्हणाली, ढगगिळ्याच्या घशात राख गेली तर त्याला ठसका लागेल आणि सगळे ढग बाहेर पडतील. म्हणजे राख्याला बरोबर घ्यायचं. शत्रूशी हातमिळवणी. मी लगेच काढलं: तिघं हिरो राख्याच्या दारात उभे आहेत, "आमच्याबरोबर चला" म्हणतात, आणि राख्या हसून "चला" म्हणतो.

चित्र टांगलं आणि बाजार थांबला. केशरबाई, आपल्या घरासमोर भाजीची पाटी लावते ती, कमरेवर हात ठेवून चित्रासमोर उभी राहिली. मला वाटलं, खलनायकाशी हातमिळवणी तिला पटलेली नाही. पण तिची तक्रार वेगळीच. "असं मोकळ्या हातानं कुणाच्या दारात जातेत का? साखरेची पुडी न्हाई, मध्यस्थ न्हाई. आन ह्यो बी लगीच चला म्हणतो. याला काही मान हाय का न्हाई?" बंकटनं चहाची किटली खाली ठेवली. तो म्हणाला, राख्याच्या वतीनं बोलायला कुणी नाही म्हणून हे असं चाललंय, तर आजपासून मी राख्याकडचा. त्याच्यामागं आणखी पाच-सात जण राख्याकडचे झाले. केशरबाई हिरोंकडची झाली. आणि दाजी, मी तुमच्या गुडघ्याची शपथ घेऊन सांगतो, दुपार व्हायच्या आत बैठक ठरली.

बैठकीला मध्यस्थ कोण? सुंदरराव. (त्यांचं नाव काढावं लागतंय, माफ करा.) कालच्या शत्रूच्या गळ्यात गळा कसा घालायचा यात त्यांचा हात धरणारा आपल्या तालुक्यात नाही. आपण किती पक्ष बदलले हे त्यांना माझ्याकडचे जुने फ्लेक्स बघून आठवावं लागतं. ते गाडीतून उतरले, चित्र बघितलं, मिशा बघून क्षणभर थांबले, आणि सवयीनं खुर्चीवर बसले. लिंबाखाली दोन सतरंज्या अंथरल्या होत्या. चांगली सतरंजी राख्याकडच्यांनी घेतली, कारण आपण वरपक्ष आहोत असं त्यांचं म्हणणं.

मग मानपान निघालं. बंकट म्हणाला, यापुढे हिरोंनी राख्याला "नीच" म्हणायचं नाही. दीपमाला म्हणाली, मग काय म्हणायचं? बंकट म्हणाला, "राखेराव म्हणा की." शिवाय चित्रात तो हिरोंपेक्षा बुटका नसावा, लढाईला निघताना टँकरवर पुढं बसावा, आणि त्याचं ते गडगडाटी हसणं आहे तसंच राहावं, "त्याच्या घरचं हाय ते." केशरबाईनं उलटी अट घातली, पापडाला हात लावायचा नाही, आणि लग्नसराईत तर मुळीच यायचं नाही. "मंग बोलावणं न्हाई का लग्नाला?" बंकट भडकला. युती मोडते की काय असं झालं. सुंदररावांनी दोन्ही हात वर करून तोड काढली, राखेरावांनी लग्नाला यावं, पण वारा पडल्यावर यावं. सगळे हुश्श झाले. सुंदररावांनी खिशातून सुपारी काढून फोडली. (दीपमालानं हरकत घेतली होती की आपल्यात सुपारी फोडत नाहीत. पण राख्याचा धर्म कोणता हे मी पहिल्या भागात लिहायला विसरलो होतो, त्यामुळे तिची हरकत टिकली नाही.)

सुपारी फुटली. चहा आला. आणि तेवढ्यात केशरबाईनं कपबशी खाली ठेवून विचारलं, "टॉवेल-टोपी?"

दाजी, बरोबरच होतं तिचं. टॉवेल-टोपीशिवाय कुठली सोयरीक उभी राहते? एकानं पळत जाऊन दोन्ही आणलं. (या वेळी टोपी एका दुकानात मिळाली. तेव्हा का मिळाली नाही, हा प्रश्न मलाही पडला.) मी राख्याचा मोठा फ्लेक्स दोरीवर चढवला. त्याचं डोकं थेट वरच्या काठाला लागलेलं, तिथं बंकटनं टोपी बसवली, सेफ्टी पिन लावली आणि खांद्यावर टॉवेल टाकला. सुंदरराव सत्काराचे दोन शब्द बोलायला उभे राहिले. "आज आपण एका मोठ्या मनाच्या माणसाचा," एवढं म्हणाले, आणि गोदावरीकडून असा वारा सुटला की फ्लेक्सनं दोरीवरून कोलांटी मारली. टॉवेल उडून म्हशीवर गेला. टोपी जागची हलली नाही. पण टोपीखाली आता राख्या नव्हता. फ्लेक्सची पुढची बाजू सुंदररावांच्या एका जुन्या वाढदिवसाची निघाली. फोटोतले सुंदरराव हात जोडून, टोपी घालून, गावाकडे बघून हसत होते.

"आगं बया," केशरबाई ओरडली, "परत त्याच डोस्क्यावर!"

हसू आवरेना कुणाला. पण सुंदरराव हसले नाहीत. ते म्हणाले, "परत म्हंजे?" मी केशरबाईला डोळ्यांनी खुणावलं, पण ती घरभरणीला पहिल्या रांगेत होती आणि असली बाई खुणेनं थांबत नसते. तिनं सगळं सांगितलं. जावई हात धुवायला गेला ते, खुर्ची, माइक, पुढं आलेलं डोकं, नुसता टॉवेल, आणि तेव्हापासून माहेर तुटलेली पोर. सुंदरराव ऐकत ऐकत खाली सतरंजीवर बसले (राख्याकडच्यांच्या). म्हणाले, "म्हंजे ती टोपी माझी न्हवती? आरं, ती घालून मी दोन पक्षांत जाऊन आलो. कुणी सांगितलं कावून न्हाई?" बंकट म्हणाला, "तुमाला कोण सांगणार, साहेब?" त्यांना गप्प बसलेलं गावानं पहिल्यांदाच पाहिलं आणि खरं सांगतो, मला त्यांची दया आली.

मग ते उठले, फ्लेक्स स्वतःच्या हातानं उलटा केला आणि राख्याच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, "ह्यो माणूस मी पाहिलाय." मी म्हणालो, साहेब, कल्पना आहे ती. केशरबाई म्हणाली, "कसली कल्पना? आपल्या मायाचा नवरा हाय की ह्यो!" (अक्का गावाला अजून मायाच.) आणि दाजी, सगळ्या गावानं मान डोलावली. म्हणजे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं आणि एकानंही मला सांगितलं नव्हतं. सुंदररावांनी मध्यस्थ म्हणून निकाल दिला: "सुपारी मी फोडलीया. माझा शब्द गेलाय. टोपी चित्राला न्हाई, माणसाला. राखेरावाला बोलवा."

तेव्हापासून कॉमिक बंद आहे. टॉवेल-टोपी झाल्याशिवाय राख्याला गावात पाऊल ठेवता येत नाही, राख्या आल्याशिवाय ढगगिळ्याला ठसका लागत नाही, आणि ठसका लागल्याशिवाय ढग सुटत नाहीत. परवा दोन खरेखुरे ढग गावावर आले आणि न बरसता पुढं गेले, तर लोक आभाळाकडे न बघता माझ्या दुकानाकडे बघायला लागले. मी रस्त्यानं जाताना मान खाली घालून जातो.

असा हा सगळा प्रकार आहे. यावरून तुमच्या लक्षात आलंच असेल की मिशांचा आणि तुमचा काहीएक संबंध नाही. माझं तुमच्याकडे काही मागणं नाही. फक्त गैरसमज नसावा, म्हणून हा खुलासा. लोभ असेल तेवढा राहू द्या, ब्लॉक मात्र काढा.

तुमचा मेहुणा
संजय

ता. क. : मागणं नाही असं वर लिहिलंय, ते खरंच आहे. पण येत्या रविवारी तुम्ही सहज म्हणून उमापूरला आलात, तर बरं दिसेल. काही करायचं नाही. बसमधून उतरायचं, लिंबाखाली खुर्चीवर बसायचं (सुंदरराव उभे राहणार आहेत, तसं त्यांनी कबूल केलंय) आणि डोकं पुढं करायचं. वाटल्यास एकदा गडगडाटी हसायचं. बंकटचा तेवढा एक हट्ट आहे. दीपमाला टोपीचं ताट घेऊन तुमच्याजवळच उभी राहणार आहे, आणि तुम्ही हात धुवायला जाणार असाल तर ताटासकट तुमच्या मागं येणार आहे.

आणखी एक : हे एवढं लांबलचक पत्र मी दोन बैठकांत लिहिलं. दीपमालानं आत्ता सांगितलं की तिनं कालच अक्काला मोबाइलवर "टोपी आणली" एवढंच लिहून पाठवलं, आणि अक्काचं लगेच उत्तर आलं की तिची पिशवी भरून तयार आहे. म्हणजे तुम्ही आलात काय आणि न आलात काय, अक्का रविवारी येतेच आहे. पण ती एकटी उतरली तर गाव तिला विचारील, राखेराव कुठंय? तिनं काय सांगावं ते तुम्हीच तिला सांगून ठेवा.

शेवटचं : मिशांबद्दल खोटं लिहिलं. त्या तुमच्याच आहेत. पण माझ्या मनात तसं काही नव्हतं. पहिला राख्या मी बिनमिशांचा काढला होता, आईनं मागं उभं राहून बघितला आणि म्हणाली, "याला आपल्या शहादेवाच्या मिशा काढ." मी म्हणालो, आई, हा दुष्ट माणूस आहे. ती म्हणाली, "आसू दे. काढ." तेव्हापासून दर बाजाराला ती लिंबाखाली त्या चित्रासमोर पोतं टाकून बसते. काल बघतो तर उभी राहून पदरानं राख्याचं तोंड पुसत होती. मी म्हणालो, आई, तो राखेचाच आहे, त्याच्यावरची धूळ कशाला पुसतेस? तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "जावई हाय माझा. लांबून आलाय."